अग्निबाणाची जुळणी

बैलगाडीचे चाक सुतार करतो, धाव लोहार चढवतो. पण सारे नीट जुळले तरच गाडी चालते. अग्निबाणाचेही तसेच, बरं का! तिथे जुळणी पाहणारा इंजिनियर वेगळा लागतो. अब्दुल कलाम असेच इंजिनियर होते. रामेश्वरमच्या होडीवाल्याचा हा मुलगा आधी पदार्थविज्ञान शिकला, मग विमानविद्या. पुढे १७ टनांच्या, चार टप्प्यांच्या अग्निबाणाचे काम त्यांच्याकडे आले.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून तो उडाला. एक झडप गळली, अन् सारा अग्निबाण समुद्रात! वर्षांची मेहनत गेली. वरिष्ठ सतीश धवन यांनी दोष स्वतःवर घेतला. आम्हां मास्तरांना हे फार मोठे वाटते.

कलामांनी मंडळींसह पुन्हा जुळणी केली. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. त्या दिवशी धवनांनी वार्ताहरांपुढे कलामांनाच पाठवले.