चौरस काढणारे कासव
संगणकास आज्ञा देण्याची विद्या खेळातून शिकवावी, हा विचार सीमूर पेपर्ट, वॉली फ्यूरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली अमेरिकेत ‘लोगो’ भाषेच्या रूपाने साकार केला. त्या भाषेत पुढे अवतरलेल्या कासवास ‘शंभर पावले चाल, नव्वद अंश उजवीकडे वळ’ हा हुकूम चार वेळा फर्मावला, की पडद्यावर चौरस उमटतो आणि पुनरावृत्तीचे तत्त्व व्याख्येवाचून मनात ठसते.

हीच परंपरा एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्क्रॅच’ या भाषेने पुढे चालविली. तेथे आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडताच पडद्यावरील मांजर चालू लागते. चेंडू फळीस लागला तर परतावा, गुण एकाने वाढावा, अशी खेळाची तजवीज करता करता अट व चल या संकल्पना मुलांना सहज हस्तगत होतात. स्क्रॅच विनामूल्य आहे. पालकांनी हे दालन मुलांस अवश्य खुले करावे.