लेझर प्रिंटरसाठी कागद आणि पाकिटे निवडताना

ऐन पावसाळ्यात लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकू लागले, की आपण यंत्राला दोष देतो. पुष्कळदा दोष असतो तो कागदाचा. या प्रिंटरमध्ये द्रवरूप शाई नसते. टोनर ही प्लास्टिकयुक्त अतिसूक्ष्म भुकटी असते. विद्युतभारामुळे ती कागदावर ओढली जाते आणि फ्यूजरच्या तापलेल्या रोलरखालून जाताना वितळून कागदाला चिकटते. तेथील तापमान साधारणतः २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे कागद असो वा पाकीट, ही उष्णता त्याला सोसेल का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

नेहमीच्या कामासाठी ७५ ते ८० जीएसएमचा ए-४ कागद योग्य ठरतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. फार पातळ कागद चुरगळतो. फार जाड किंवा खरबरीत कागदावर टोनर नीट बसत नाही व बोटाने घासताच अक्षरे निघतात. जाड कागद वापरायचा असल्यास प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय निवडावा. इंकजेटसाठी बनवलेला चकचकीत फोटो पेपर मात्र कटाक्षाने टाळावा. त्याचा लेप वितळून रोलरला चिकटू शकतो. दमट हवेत कागद ओलावा शोषतो आणि उष्णता लागताच वाकतो. म्हणून उघडलेले रीम वेष्टनातच गुंडाळून ठेवावे.

पाकिटांबाबत अधिक काळजी हवी. त्यांत कागदाचे अनेक थर, हवा आणि डिंक असतो. साधी, सपाट, धारदार घड्यांची आणि लेझर प्रिंटरसाठी योग्य असा उल्लेख असलेली पाकिटे घ्यावीत. ए-४ कागदाच्या तीन घड्या ११० बाय २२० मिलिमीटरच्या पाकिटात व्यवस्थित मावतात. पट्टी काढून चिकटवायची पाकिटे, साध्या प्लास्टिकची खिडकी किंवा धातूची पकड असलेली पाकिटे वापरू नयेत. वितळलेला गोंद व प्लास्टिक फ्यूजर बिघडवतात, तर धातूने ड्रमवर ओरखडे पडतात. मग दुरुस्तीचा खर्च पाकिटांवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट होतो.

पाकिटे हाताने कागद सरकवण्याच्या खाचेतून एकेक करून घालावीत. प्रिंटरला मागचे झाकण असेल व पुस्तिकेत तशी सूचना असेल, तर ते उघडावे; पाकीट न वळता सरळ बाहेर येते. पत्ता आधी साध्या कागदावर छापून तो पाकिटावर धरून पाहावा. निमंत्रणांसाठी शेकडो पाकिटे घ्यायची असल्यास दुकानातून प्रथम दोन-तीन नमुने आणून छापावेत आणि मगच गठ्ठा विकत घ्यावा.