मद्यमुक्तीनंतर अन्य पदार्थांचे सेवन : विशेषतः तंबाखूच्या संदर्भात

प्रास्ताविक : दारू सोडलेल्या माणसाने तंबाखूची पुडी काढली, तर घरातील मंडळी सहसा काही बोलत नाहीत. ‘दारू सुटली हेच पुष्कळ, एवढे तरी राहू द्या’ अशी त्यामागील समजूत असते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीस अन्य पदार्थांचे सेवन कितपत सुरक्षित आहे, हे पाहताना प्रस्तुत लेखात या समजुतीचा प्रामुख्याने विचार केला आहे.

विवेचन : सर्व पदार्थांना एकच माप लावता येत नाही. मद्य आणि डायझेपामसारख्या गोळ्या मेंदूतील ‘गाबा’ या एकाच शामक यंत्रणेवर कार्य करतात. म्हणूनच मद्य थांबविल्यावर येणारे झटके रोखण्यासाठी डॉक्टर या गोळ्या काही दिवस उतरत्या मात्रेने देतात; मात्र रुग्ण त्या पुढे स्वतःच्या मर्जीने घेत राहिला, तर नवे अवलंबित्व निर्माण होते. हेरॉईन सोडण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याने सोबत मद्य घेतल्यास श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते.

एक व्यसन सुटले की दुसरे जडतेच, हे मात्र खरे नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे ब्लँको व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले की, व्यसनातून सावरलेल्यांपैकी १३.१ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत नवे व्यसन जडले. न सावरलेल्यांत हे प्रमाण २७.२ टक्के होते.

तंबाखूची गोष्ट वेगळी आहे, कारण ती बहुधा नव्याने जडत नाही. आधीपासूनच असते आणि उपचारांतून निसटते. मिनेसोटा राज्यात १९७२ ते १९८३ या काळात मद्य व अन्य अमली पदार्थांच्या व्यसनासाठी दाखल झालेल्या ८४५ रुग्णांचा मागोवा हर्ट व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. मृत्यूचे कारण उपलब्ध असलेल्या २१४ जणांपैकी ५०.९ टक्के मृत्यू तंबाखूशी, तर ३४.१ टक्के मद्याशी निगडित होते. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ नंतर मद्य घेतले नाही, परंतु धूम्रपान सुटले नाही आणि १९७१ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

दोन्ही व्यसने एकदम सोडविल्यास रुग्ण पुन्हा दारूकडे वळेल, ही भीती अगदीच निराधार नाही. २००४ मध्ये प्रोचास्का व सहकाऱ्यांनी १९ चाचण्या एकत्र अभ्यासल्या, तेव्हा तंबाखूमुक्तीची जोड मिळालेल्यांत मद्य व अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक आढळली. त्याच वर्षीच्या जोसेफ यांच्या अभ्यासात मात्र तंबाखूवरील उपचार सहा महिन्यांनी सुरू झालेल्या गटाची मद्यमुक्ती अधिक टिकली. तेव्हा मतभेद केव्हा सोडवावी याविषयी आहे. सोडवावी की नाही याविषयी नाही.

हे अभ्यास मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत. महाराष्ट्रात मशेरी आणि चुना-तंबाखू यांचा प्रश्न मोठा आहे. मद्य व तंबाखू एकत्र आल्यास मुखकर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेहून अधिक वाढतो. त्यामुळे मद्यमुक्त रुग्ण फेरतपासणीस आला असता यकृताच्या चाचणीबरोबर त्याचे तोंडही तपासावयास हवे.