जाळाचा अंदाज आणि अंशांचा हिशोब

औंध संस्थान नकाशावर सलग कधीच नव्हतं. आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत त्याचे तुकडे विखुरलेले होते. पण या चिमुकल्या राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन मोठ्या भट्ट्या पेटल्या. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. 1916 मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला. घराघरांत पोचलेला 'प्रभाकर' कंदील याच ओगलेवाडीचा.

किर्लोस्करांच्या नांगरासाठी बिडाचा रस आणि ओगल्यांच्या कंदिलासाठी काचेचा रस. दोन्ही धंद्यांची मदार एकाच प्रश्नावर: भट्टी आत्ता किती तापली आहे? बिडाचा रस थंडावला तर साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, फार तापला तर ओतीव वस्तूत पोकळ्या राहतात. काचेचं गणित आणखी नाजूक. साधी काच वितळवायला 1,400 ते 1,500 अंश सेल्सिअस लागतात. फुंकून आकार दिलेली काच मात्र साडेपाचशे अंशांच्या आसपास धरून सावकाश निववावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो, आणि पेटत्या कंदिलावर पावसाचा एक थेंब पडला तरी काच तडकते.

आपल्या ओळखीचा पाऱ्याचा तापमापक इथे निरुपयोगी आहे, कारण पारा 357 अंशांनाच उकळतो. म्हणून जगभरच्या भट्टीवाल्यांनी डोळ्यावर भरवसा ठेवला. तापलेल्या लोखंडाची मंद लाली सहाशे-सातशे अंश सांगते, नारिंगी रंग साडेनऊशेच्या आसपास आणि पांढरट झळाळी तेराशेच्या पुढे. मुरलेल्या कारागिराची नजर हे थोड्याफार फरकाने सांगते, आणि या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही नजर दुसऱ्याला देता येत नाही, वहीत नोंदवता येत नाही, आणि भर उन्हात व रात्रपाळीत तीच भट्टी तिला वेगळी भासते.

उपकरणांनी केलं काय, तर हीच नजर पक्की केली. तापमान थेट कोणालाच मोजता येत नाही, मोजता येतो तो त्याचा परिणाम. पारा फुगतो, प्लॅटिनमच्या तारेचा विद्युतरोध वाढतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा दोन्ही टोकांना जोडून एकच टोक तापवलं तर त्यांतून वीज वाहते. झेबेक यांनी 1821 मध्ये दाखवलेल्या या परिणामावरच आजची थर्मोकपल चालतात. प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमची जोडी काचेच्या भट्टीतही तग धरते.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो प्रकाशीय पायरोमीटर. दुर्बिणीसारख्या नळीत दिव्याची एक बारीक तार असते. नळी भट्टीच्या झरोक्याकडे धरायची आणि तारेतली वीज वाढवत न्यायची. आधी तार काळी दिसते, मग लालसर होते, आणि एका क्षणी भट्टीच्या उजेडात विरून दिसेनाशी होते. तिथे दोघांची झळाळी सारखी झाली, म्हणून विजेच्या आकड्यावरून अंश वाचायचे. निर्णय इथेही डोळाच देतो, फक्त त्याला तुलनेसाठी ठाम काहीतरी मिळालेलं असतं. बंद, तापलेल्या पोकळीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची अशीच काटेकोर मोजमापं बर्लिनच्या राष्ट्रीय मापन संस्थेत चालली होती. ते आकडे जुन्या सूत्रांत बसेनात, तेव्हा 1900 मध्ये प्लँक यांनी ऊर्जा तुटक पुड्यांत येते असं मांडलं. पुंज भौतिकीचा जन्म भट्टीच्या तोंडाशी झाला, हे भौतिकशास्त्राच्या वर्गात आवर्जून सांगायला हवं.

तापमान आणि उष्णता यांत मात्र गल्लत नको. कृष्णाकाठच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस 118 अंशांच्या आसपास आला की गूळ उतरवायची वेळ होते. गुळव्या पाक गार पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी जमते का ते बघतो. हे झालं तापमान. तिथवर पोचायला चुलवाणात किती चिपाड जळणार, हा उष्णतेचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तापमापक देऊ शकत नाही. त्यासाठी उष्मामापक लागतो. पोलादी कुपीत ऑक्सिजन भरायचा, त्यात मोजून घेतलेलं इंधन जाळायचं आणि भोवतीचं पाणी किती अंशांनी तापलं ते पाहायचं. पूर्ण कोरडं चिपाड किलोमागे सुमारे 4,600 किलोकॅलरी देतं. निम्मं पाणी असलेलं देतं त्याच्या जेमतेम निम्मं. साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीत ओलाव्याला इतकं महत्त्व का, ते या आकड्यांवरून कळतं. अन्नाच्या पाकिटावरच्या कॅलरीचं मूळही अशाच कुपीत आहे. औषधनिर्मितीत स्फटिक नेमके कधी वितळतात ते पाहायला याच तत्त्वावरचं, पण मिलिग्रॅमवर चालणारं यंत्र वापरतात.

ओगलेवाडीला लागून असलेल्या हजारमाचीत आज केंद्र सरकारची भूविवर संशोधन प्रयोगशाळा आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर कोयना परिसरात छोटे-मोठे धक्के बसतच राहिले. त्यांचं कारण शोधण्याच्या या प्रयोगशाळेच्या कामात तिथे तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटी खडक. अशा विवरात तापमापक सोडला म्हणजे काम झालं असं होत नाही. खोदताना फिरवलेल्या चिखलपाण्याने खडक निवलेला असतो, त्यामुळे विवर मूळ तापमानावर येईपर्यंत थांबावं लागतं. मग खोलीप्रमाणे वाढणारे अंश, खडकाच्या नमुन्यांची उष्णतावाहकता आणि ग्रॅनाइटमधल्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियमची स्वतःची ऊब, हे सगळं जुळवून जमिनीखालून वर येणारी उष्णता काढतात. दख्खनच्या पठाराखाली ती चौरस मीटरला पन्नास मिलिवॅटहून कमी भरते.

एवढ्याशा उबेची मोजणी कशासाठी? खडक साधारण साडेतीनशे अंशांपुढे तडकण्याऐवजी हळूहळू वाकू लागतो, म्हणून भूकंप किती खोल होऊ शकतात याची सीमा तापमान ठरवतं. कोयनेत सहा किलोमीटरवर 130 ते 150 अंश असतील असा अंदाज आहे, म्हणजे तिथला खडक अजून कडक आणि तडकणारा आहे. तिथवर उपकरणं उतरवायची तर त्यांतले विद्युतभाग ती धग वर्षानुवर्षं सोसणारे हवेत.