जोडी फुटू देऊ नका

सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांत मराठी शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे पोरं पास काढून एसटीने मोठ्या गावच्या हायस्कूलला जातात. जूनमध्ये नवं दप्तर येतं, गणवेश येतो. पण पहिलीपासून एका बाकावर बसलेला दोस्त दुसऱ्या तुकडीत जातो. पोरगं घरात गप्प गप्प राहू लागतं. आपण म्हणतो, वयच तसं आहे.

वय तसं असतं, म्हणूनच सोबती लागतो. आवाज फुटतो, पाळी सुरू होते, मार्कांची तुलना बोचू लागते. आईबापांना न सांगता येणारं जिच्यात बोलायचं, ती मैत्री त्याआधीच मुरलेली असावी लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपासच्या जिवलग मैत्रीला म्हणूनच फार महत्त्व दिलं. दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकंच मोलाचं मानायला मूल तिथे शिकतं.

कॅनडातील संशोधकांनी पाचवी-सहावीच्या 103 मुलांना चार दिवस अनुभव नोंदवायला सांगितले, त्यांची लाळही तपासली. 2011 मध्ये निष्कर्ष आले. वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ असला, तर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक फारसं वाढत नव्हतं आणि मूल स्वतःला कमी लेखत नव्हतं. अमेरिकेत 169 मुलांचा पंधराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत मागोवा घेतला गेला. घट्ट मैत्री असलेल्यांची चारचौघांतली धास्ती पुढे कमी झाली. नुसत्या लोकप्रिय मुलांची वाढली. दोस्त एखादाच असला तरी चालतो, तो जिवाभावाचा हवा.

ही सोबत आपल्या मातीला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथे नाना जातींची मुलं एकत्र राबत, एका पंगतीत जेवत. घर सोडून आलेल्या पोराला तिथे शिक्षणाबरोबर भावंडंही मिळाली.

अशी सोबत आजही गावातच जमवता येते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. तो वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे, असं ठरलं. अशा मोकळ्या वेळेत मुलांना एकमेकांच्या ओट्यावर बसू द्यावं, अभ्यास तिथेही होतो.

आणि हायस्कूलच्या गुरुजींना, बाईंना एक विनंती. प्रवेशाच्या दिवशी मुलाला विचारा, "तुझ्या गावचं, तुझ्या जवळचं कोण आहे रे?" आणि त्या दोघांची नावं एकाच तुकडीत लिहा.