हार्ड डिस्कचे इशारे

जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेची आरती होते. माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे नर्मदा जयंतीला, घाट माणसांनी फुलून जातो. अशा सोहळ्यांची छायाचित्रे काढणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाचा विचार करा. त्याचे वर्षानुवर्षांचे काम संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठलेले असते. कॅमेरा बिघडला तर दुसरा घेता येतो. होऊन गेलेला सोहळा मात्र पुन्हा टिपता येत नाही. म्हणून डिस्क देत असलेले इशारे ओळखता आले पाहिजेत.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या तबकड्या वेगाने फिरतात. तबकडीवरील माहितीच्या लहान कप्प्यांना ‘सेक्टर’ म्हणतात. धक्क्याने किंवा झिजेने काही सेक्टर निकामी होतात. आपल्या प्रकृतीची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. तपासणीच्या प्रोग्रॅममधून ही नोंद वाचता येते.

या नोंदीतील तीन आकडे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, बदललेल्या सेक्टरांचा. खराब सेक्टरऐवजी डिस्क राखीव सेक्टर वापरते. हा आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. दुसरा, प्रलंबित सेक्टरांचा. यांतील मजकूर वाचता आलेला नसतो. तो कदाचित कायमचा गेलेलाही असतो. तिसरा, माहितीच्या वहनातील चुकांचा. हा आकडा वाढला, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलून पाहावी.

मात्र ‘उत्तीर्ण’ असा निकाल म्हणजे अभयदान नव्हे. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिला तपासणी-दोष आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसले. त्याचबरोबर, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या प्रमुख स्मार्ट नोंदींत कोणताही दोष आढळला नव्हता. म्हणजे इशारा आला तर तो खरा मानावा. पण तो येईलच, या भरवशावर राहू नये.

इशारा मिळताच आधी महत्त्वाच्या माहितीची दुसरीकडे नक्कल करावी. दीर्घ चाचण्या आणि दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यानंतर चालवावेत, कारण त्यांनी दुबळ्या डिस्कवर अधिक ताण येतो. डिस्कमधून ‘टकटक’ असा आवाज येत असेल, तर संगणक त्वरित बंद करून जाणकाराला दाखवावा.

सुरक्षिततेचा सोपा नियम ‘तीन-दोन-एक’ असा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपूर परिसरातील अनेक घरांची पडझड झाली. अशा संकटात एकाच घरातील सर्व प्रती एकदम नष्ट होऊ शकतात. तसेच ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच होय.

स्वाध्याय
१. प्रलंबित सेक्टर म्हणजे काय?
२. इशारा मिळाल्यावर चाचणीआधी नक्कल का करावी?
३. तुमच्या घरातील कोणत्या माहितीची दुसरी प्रत आवश्यक आहे, ते लिहा.