फेस, सुई आणि शीर

दोन सिरिंज आणि त्यांच्यामध्ये तीन तोंडांचा छोटा नळ. एकीत शीर बंद करणारं पोलिडोकॅनॉल, दुसरीत त्याच्या चौपट हवा. डॉक्टर दट्ट्ये भराभर पुढेमागे करतात आणि पाण्यासारख्या औषधाचा दाट, पांढरा फेस होतो. इटलीच्या लोरेंझो टेसारी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. फेस लवकर विरतो, म्हणून सुई शिरेत नीट बसली की मगच तो घुसळायचा.

आत्याच्या पायातली ती सुई बसायच्या आधी बराच वेळ तपासणीत गेला होता, आणि माझ्या मते खरं कसब तिथेच होतं. तिला उभं करून डॉक्टर खाली बसले. आडवं झालं की फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात, दोष लपतो. डॉपलर सोनोग्राफीचा प्रोब जांघेत ठेवून त्यांनी पोटरी दाबली. पडद्यावर एक रंग वर सरकला. हात सोडताच त्याच जागी दुसरा रंग उमटला आणि रेंगाळला. झडपा धड असतील तर हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदात थांबतो.

पोळीभाजी केंद्रात वर्षानुवर्षं तव्यासमोर उभी राहिलेली आत्या घोट्यावरच्या जखमेला मलमं लावत होती. मलम कातडीला मिळत होतं. जखम मात्र वरून उतरणाऱ्या रक्ताच्या दाबामुळे भरत नव्हती. अशा जखमेसाठी डॉपलर पहिल्या महिन्यातच व्हायला हवा, असं मला फार वाटतं.

“शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठनं?” आत्याने विचारलं.

“पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं, मावशी. त्या मोकळ्या आहेत, ते आधी बघितलंय.”

मग तिला झोपवून पाय उंच केला. फेस आत शिरताना सोनोग्राफीवर शीर लख्ख उजळली. द्रव औषध रक्तात मिसळून पातळ होतं. फेस रक्ताला बाजूला सारून शिरेच्या आतल्या अस्तराला भिडतो. अस्तर मरतं, शीर आकसते, हळूहळू तिची दोरी होते. “पाऊल वरखाली हलवा,” डॉक्टर सांगत राहिले, म्हणजे खोल शिरेत गेलेला फेस धुऊन निघतो. एका वेळी साधारण 10 मिलिलिटरच्या पुढे फेस देत नाहीत. कधी डोळ्यांपुढे चमकतं, क्वचित खोल शिरेत गुठळी होते. म्हणून घट्ट मोजा चढवून तिला लगेच चालायला लावलं.

पुढच्या खेपेला शीर हाताला कडक लागली. आत अडकलेलं काळपट रक्त डॉक्टरांनी बारीक सुईने काढलं. तपकिरी डाग काही महिने राहील, म्हणाले. आत्याचं लक्ष जखमेकडे होतं. तिच्या कडेने नवी गुलाबी कातडी धरली होती.